उरल्यासुरल्यांची फाइल

१

लाकूडवाला निसटला होता, आणि तो कुणामुळे निसटला याबद्दल बँकेत कुणालाच शंका नव्हती.

लाकूडवाला म्हणजे लाकडाचा व्यापारी, बँकेचा बडा ग्राहक. जानेवारीअखेरीस त्याचं नाव निर्बंध यादीत आलं. ज्यांच्याशी एका पैचाही व्यवहार करायचा नाही अशा माणसांची आणि संस्थांची ती यादी. ती नवी आली की बँकेच्या यच्चयावत ग्राहकांची माहिती यंत्रात घालून तिच्याशी ताडायची आणि जे खातं जुळेल ते जागच्या जागी गोठवायचं. पगाराच्या दिवशी संध्याकाळी ही ताडणी झाली आणि लाकूडवाल्याचं खातं काही गोठलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सगळी रक्कम परदेशी हलवली आणि पाठोपाठ स्वतःही हलला.

कारण फाइलीतच दिसत होतं. लाकूडवाल्याच्या नावापुढे 'व्यक्ती'ऐवजी 'संस्था' लिहिलेलं होतं आणि जन्मतारखेचा रकाना रिकामा होता. यंत्र माणसाला माणसांशी ताडतं आणि संस्थेला संस्थांशी. त्या नावाची संस्था यादीत नव्हती, म्हणून यंत्राने त्याला सोडून दिलं. फाइल गेली होती यंत्रासाठी फाइली तयार करणाऱ्या तयारीवालीच्या संगणकावरून, तिच्याच पासवर्डने. फाइल पाठवायचा अधिकार सबंध इमारतीत तिच्या एकटीकडे होता.

"उघड आहे सगळं," पडताळणी विभागाचे साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त कागदावर आणा."

समोर बसलेल्या बाईला बँकेत सगळे कात्री म्हणत. अंतर्गत चौकशी हे तिचं काम. ती ज्या मजल्यावर जाई तिथलं एक तरी माणूस कमी होई. तिला पाहिलं की लोक गप्पा थांबवत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. साहेबांच्या खोलीत नवंकोरं सागवानी टेबल आलं होतं आणि पॉलिशचा वास तिच्या नाकात बसत होता.

"टेबल झकास आहे," ती म्हणाली.

"मेव्हण्याने पाठवलं. त्याचा धंदाच आहे." साहेबांनी टेबलावरून हात फिरवला. "या चौकशीसाठी मीच तुमचं नाव सुचवलं अध्यक्षांना. म्हटलं, कात्... म्हणजे तुमच्यासारखं कठोर माणूस हवं. आता नियमाप्रमाणे विचारतो हं. तयारीवालीशी तुमचं जवळचं असं काही नाही ना?"

"जवळचं काहीही नाही," कात्री म्हणाली.

यात तसं खोटं काही नव्हतं. तयारीवाली तिची सख्खी धाकटी जाऊ होती, आणि गेली चार वर्षं दोघींमधून विस्तव जात नव्हता.

२

भांडण सासूबाईंवरून झालं होतं. सासरे गेल्यावर सासूबाई कुणाकडे राहणार हा प्रश्न निघाला तेव्हा कात्रीने नोकरी आणि छोटं घर पुढे केलं, आणि धाकटीने तोंडातून शब्द न काढता सासूबाईंची पिशवी उचलली. त्या न काढलेल्या शब्दानेच जास्त आग लागली. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता आणि जाऊ जावेशी.

धाकटीला चौकशीच्या खोलीत बोलावलं तेव्हा ती खुर्ची मागे ओढून, शक्य तितकी लांब बसली.

"काम कसं चालतं ते सांग," कात्री म्हणाली.

"तुम्हाला माहीत नाही?"

"तुझ्या तोंडून हवं आहे."

धाकटीने भिंतीकडे पाहत सांगितलं. शाखांकडून येणारी माहिती म्हणजे नुसता पसारा असतो. कुणी पत्ता नावाच्या रकान्यात घालतो, कुणी आडनाव आधी लिहितो, कुणी माणसाच्या नावामागे दुकानाचं नाव चिकटवतो. ते सगळं विंचरून, ज्याचं त्याच्या रकान्यात बसवून, जन्मतारखा एका साच्यात आणून ती यंत्राला फाइल पाठवते. तरीही काही ओळी यंत्राला पचत नाहीत. त्या वेगळ्या होऊन परत येतात. त्या दुरुस्त करून संध्याकाळी दुसरी फाइल जाते. तिला विभागात उरलंसुरलं म्हणतात.

"लाकूडवाला कुठल्या फाइलीत होता?"

"उरल्यासुरल्यात. पत्ता नावात घुसला होता म्हणे."

"म्हणे? फाइल तुझीच ना?"

धाकटीने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"पगाराच्या दिवशी उरलंसुरलं कुणी पाठवलं?"

तरीही ती बोलेना. कात्रीला मनातून बरं वाटत होतं, आणि ते तिने स्वतःपासूनही लपवलं नाही. ही बाई दोषी निघाली असती तर तिला आवडलं असतं.

"अगं, पोलीस येणार आहेत," ती म्हणाली. "तोंड उघडलं नाहीस तर तुरुंगात जाशील. त्या संध्याकाळी तू कुठे होतीस?"

धाकटीने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"जाऊबाई, मी कुठे होते ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मग हा तमाशा कशाला करता? बुडवायचंच आहे ना, मग बुडवा."

आणि ती उठून गेली. कात्रीने तिच्या पाठीकडे पाहत कागदावर लिहिलं: उद्धट, उत्तर टाळते.

३

यंत्रवाल्याचं टेबल धाकटीच्या टेबलाला पाठ लावून होतं. ताडणीचं यंत्र त्याच्या ताब्यात होतं आणि जगातला यच्चयावत मूर्खपणा आपल्याच वाट्याला आला आहे अशी त्याची समजूत होती.

"यंत्र चोख आहे," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "जे दिलं ते त्याने ताडलं. माणसाला संस्था म्हणून पाठवा, ते संस्था म्हणून बघणार. ते काय घरी जाऊन खात्री करणार आहे?"

"त्या संध्याकाळी धाकटी... तयारीवाली जागेवर होती?"

"माझी पाठ असते तिकडे. खुर्ची करकरली एवढं आठवतं. कोण बसलं ते बघायला मला कुणी पगार देत नाही."

"यंत्राने परत पाठवलेल्या ओळी कुणाकडे जातात?"

"तिला आणि साहेबांना. माझ्याकडे प्रत राहते. हवी असेल तर घ्या, पण माझं डोकं खाऊ नका."

तेवढ्यात साहेब तावातावाने आले. सहा फेब्रुवारीला, म्हणजे त्याच सकाळी, त्यांनी या प्रकरणावर बैठक बोलावली होती. ते एकटेच जाऊन बसले होते आणि दुसरं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

"शिस्त म्हणून काही राहिली आहे की नाही इथे?"

"बैठकीला अजून अवकाश आहे साहेब," यंत्रवाला थंडपणे म्हणाला. "तुमच्या निरोपात २/६ लिहिलंय. दोन जून. येतो की दोन जूनला."

साहेबांनी आपल्या निरोपाकडे पाहिलं, लॅपटॉपला एक शिवी हासडली आणि ते निघून गेले. यंत्रवाला खूश झाला. बाकीच्यांनी माना खाली घालून हसून घेतलं.

कात्री खाली उतरली तर तळमजल्यावर वेगळाच धुमाकूळ चालला होता. एक दाताचा डॉक्टर काउंटरवरच्या मुलीला फाडून खात होता. त्याचं खातं पगाराच्या दिवसापासून गोठलं होतं. यादीतल्या कुठल्याशा शस्त्रांच्या दलालाशी त्याचं नाव जुळलं होतं, आणि जन्मतारीखही.

"नाव जुळेल हो, माझ्या नावाचे शंभर असतील," तो ओरडत होता. "पण तारीख कशी जुळते? माझा जन्म आठ मार्चचा. तुमच्या कागदावर तीन ऑगस्ट आलं कुठून? मी काय दोनदा जन्मलो?"

"काहीतरी चूक झाली असेल," मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

कात्री पायरीवरच थबकली. तिने त्या माणसाला हाताला धरून बाजूला घेतलं आणि त्याचा खातेक्रमांक विचारला. पाच मिनिटांत तिला कळलं, की क्लिनिकचा पत्ता नावाच्या रकान्यात गेल्यामुळे दाताचा डॉक्टरही उरल्यासुरल्यांतच होता.

४

तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. डाव्या हाताला यंत्राने परत केलेली फाइल होती आणि उजव्या हाताला दुरुस्त होऊन पुन्हा गेलेली.

आत्तापर्यंत जो तो फक्त लाकूडवाल्याची ओळ बघत होता. त्या ओळीत बघण्यासारखं काही नव्हतं. एक शब्द बदललेला आणि एक रकाना पुसलेला. ते कुणाचाही हात करू शकला असता. कात्रीने ती ओळ सोडली आणि बाकीच्या गरीब बापड्या ओळी वाचायला घेतल्या, ज्यांच्याकडे अजून कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

एका शिंपिणीचा जन्म पाच नोव्हेंबरचा. गेलेल्या फाइलीत तो अकरा मे झाला होता. एका ड्रायव्हरचा दोन सप्टेंबरचा नऊ फेब्रुवारी झाला होता. एका निवृत्त परिचारिकेचा पंचवीस मार्च मात्र पंचवीस मार्चच होता. तिच्यापुढच्या माणसाचा एकोणीस जुलैही धड होता.

तिने पेन खाली ठेवलं. महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांत जन्मलेल्या प्रत्येकाचे दिवस आणि महिना उलटले होते. बारा तारखेनंतर जन्मलेले सगळे सुखरूप होते.

हा माणसाच्या हाताचा खेळ नव्हता. ही फाइल कधीतरी अशा संगणकावर उघडली गेली होती, जो आधी महिना आणि मग दिवस वाचतो. आठ-तीन दिसलं की तो आठवा महिना समजतो. पंचवीस-तीन दिसलं की अडतो, कारण पंचविसावा महिना नसतो, आणि तारीख तशीच सोडून देतो.

ती परत आलेल्या ओळींची प्रत घेऊन धाकटीच्या रिकाम्या टेबलाशी गेली. तिच्या संगणकावर फाइल उघडली आणि जतन केली. शिंपीण पाच नोव्हेंबरलाच जन्मली. यंत्रवाल्याला उठवून त्याच्या संगणकावर तेच केलं. ड्रायव्हरही दोन सप्टेंबरलाच राहिला.

"माझ्यावर संशय?" यंत्रवाला म्हणाला.

"होता. आता नाही. बसा खाली."

राहिला एकच संगणक. तो कुणाचा, हे सांगायला कुणी हवं होतं असं नाही. सहा फेब्रुवारीला दोन जून म्हणणारा लॅपटॉप या इमारतीत एकच होता.

पण मग ती संध्याकाळी करकरलेली खुर्ची? साहेब म्हणणार, मी ओळी दुरुस्त करून तिला दिल्या, मधे तिने लाकूडवाल्याचा बंदोबस्त केला आणि पाठवून दिलं. जोवर धाकटी त्या खुर्चीत नव्हती हे कुणी सांगत नाही, तोवर साहेब मोकळे होते. आणि बँकेच्या दाराशी आत येणाऱ्याची वेळ नोंदली जाई, बाहेर जाणाऱ्याची नाही.

"मी कुठे होते ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे."

आता कात्रीला ते खरंच आठवलं होतं.

५

पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या हा तिचा नेम होता. त्या संध्याकाळी ती औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे दोन माणसं सोडून धाकटी होती, हातात सासूबाईंची इन्सुलिनची रिकामी डबी. धाकटीने मागे वळून पाहिलं. नजरानजर झाली, आणि कात्रीने मान फिरवून साबणाची जाहिरात वाचायला घेतली. दुकानातलं घड्याळ त्या जाहिरातीच्या डोक्यावरच होतं. सव्वासहा.

उरलंसुरलं यंत्राकडे गेलं होतं सहा वाजून दहा मिनिटांनी. दुकान बँकेपासून अर्ध्या तासावर होतं.

ती धाकटीच्या घरी गेली. दार धाकटीने उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. आतून सासूबाईंचा खोकला ऐकू येत होता.

"कोण गं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बँकेतलं माणूस," धाकटी म्हणाली.

"पाचला निघायचीस ना रोज?" कात्रीने विचारलं.

"साडेपाचला त्यांना सुई द्यावी लागते. साहेब म्हणाले, तू जा, पासवर्ड टाकून संगणक चालू ठेव, उरलंसुरलं मी पाठवीन. वर्षभर पाठवत होते. मला वाटलं, माणूस चांगला आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"पासवर्ड उघडा टाकून जाणं म्हणजे नोकरी गेली. आणि साहेब नाही म्हणाले असते तर? मी नव्हते असं सांगणारं एकच माणूस होतं, आणि ते समोर बसून मला कुठे होतीस म्हणून विचारत होतं." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय. सूड उगवताय."

कात्रीला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला.

"उद्या दहा वाजता अध्यक्षांच्या खोलीत ये," एवढंच ती म्हणाली.

६

अध्यक्ष, साहेब, यंत्रवाला आणि धाकटी असे चौघे बसले होते. कात्रीने साहेबांचा लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडायला लावला आणि परत आलेली फाइल त्यांनाच उघडायला सांगितली.

"हा काय पोरखेळ आहे?" साहेब म्हणाले. अध्यक्षांनी नुसतं पाहिल्यावर त्यांनी फाइल उघडली आणि जतन केली.

पडद्यावर शिंपीण अकरा मेला जन्मली. दाताचा डॉक्टर तीन ऑगस्टला जन्मला. कात्रीने शेजारी पगाराच्या दिवशी गेलेली फाइल लावली. उलटलेल्या तारखा ओळीला ओळ जुळत होत्या.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. मग ते हसले.

"बरं, उघडली मी. हाताखालच्या बाईला मदत केली. नव्या लॅपटॉपने तारखा फिरवल्या, ती माझी चूक. पण दुरुस्त करून मी तिलाच दिली ना? पुढे तिने लाकूडवाल्याचं काय केलं ते तिला विचारा. पाठवली तिने, तिच्या खुर्चीतून."

"ती खुर्चीत नव्हती. सव्वासहाला ती औषधाच्या दुकानात होती, इथून अर्ध्या तासावर."

"कोण म्हणतं?"

"मी. मी तिला पाहिलं."

साहेबांनी डाव जिंकल्यासारखं अध्यक्षांकडे पाहिलं.

"आता माझंही ऐका. या बाई तिच्या सख्ख्या जाऊ आहेत. मी विचारलं होतं, तेव्हा जवळचं काही नाही म्हणाल्या. घरच्या माणसाची साक्ष धरायची आता?"

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं," कात्री म्हणाली. "मग माझं नाव का सुचवलंत? चौकशी नीट व्हायला हवी असती, तर तिची जाऊ सोडून कुणालाही नेमलं असतं. तुम्हाला आमचं भांडण माहीत होतं. हिला संधी मिळाली की ही धाकटीला कापणार, खोलात शिरणार नाही, असं तुम्ही धरून चाललात. आणि तुमचा अंदाज चुकला नव्हता. आठ दिवस मी तेच करत होते."

ती अध्यक्षांकडे वळली.

"घरच्या माणसाची साक्ष धरू नका. पण खालपासून वरपर्यंत कुणालाही बोलावून विचारा, ही बाई आपल्या जावेसाठी खोटं बोलेल का. एकाने जरी हो म्हटलं तर मी माझे शब्द मागे घेईन."

यंत्रवाल्याच्या तोंडून नकळत हसू फुटलं. "मरेपर्यंत बोलणार नाहीत," तो म्हणाला, "दोघीही."

"आणि साहेबांच्या मेव्हण्याला विचारा," कात्री म्हणाली, "त्याचा लाकडाच्या धंद्यातला भागीदार सध्या कुठल्या देशात आहे. लाकूडवाल्याच्या खात्याच्या कागदांवर भागीदार म्हणून या मेव्हण्याचीच सही आहे."

अध्यक्षांनी फोनकडे हात नेला.

७

साहेबांची नोकरी गेली. धाकटीला पासवर्डबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि ती कामावर रुजू झाली. कात्रीवर मात्र नवी चौकशी बसली. तिने नातं लपवलं होतं, आणि निरपराध बाईच्या बाजूचा पुरावा आठ दिवस स्वतःजवळ दाबून ठेवला होता असा तिच्यावर आरोप होता. दुसरा आरोप सिद्ध झाला असता तर नोकरी जाणारच होती. बाहेरून आलेल्या चौकशी अधिकाऱ्यापुढे ती तीन दिवस बसली, आणि त्या तीन दिवसांत इमारतीत एकही माणूस तिच्या बाजूने बोलला नाही.

शेवटी धाकटीला बोलावलं. ती आली, आणि या वेळीही खुर्ची लांब ओढून बसली.

"यांनी नातं लपवलं?"

"हो."

"दुकानात तुम्हाला पाहिल्याचं आठ दिवस जाणूनबुजून दडवून ठेवलं?"

कात्री टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. या बाईने नुसतं 'असेल' म्हटलं असतं तरी पुरेसं होतं, आणि तसं म्हणायचा तिला पुरता हक्क होता.

"नाही," धाकटी म्हणाली. "आधी मलाही वाटलं होतं की मुद्दाम करतात. पण त्या दारात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघितला मी. त्यांच्या खरंच लक्षात नव्हतं. मी त्यांच्या लक्षात कधी नसतेच."

अधिकाऱ्याने ते शब्दशः लिहून घेतलं आणि आरोपापुढे 'सिद्ध होत नाही' अशी नोंद केली. धाकटी सही करून, कुणाकडेही न पाहता निघून गेली. कात्रीची नोकरी वाचली होती. तरी ती बराच वेळ खुर्चीतून उठली नाही, कारण चार वर्षांत पहिल्यांदाच तिला धाकटीचा राग येत नव्हता, आणि रागाशिवाय त्या बाईला सामोरं कसं जायचं हे तिला मुळीच माहीत नव्हतं.